चिवट काच : पॉलिकार्बोनेटच्या शोधाचा व वापराचा इतिहास

पदार्थांच्या इतिहासात ‘शोध’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. एखादा पदार्थ प्रथम कोणी तयार केला, त्याचे गुण प्रथम कोणी ओळखले आणि तो विकण्याजोगा प्रथम कोणी केला, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत व त्यांची उत्तरेही बहुधा निरनिराळी येतात. पॉलिकार्बोनेट या चिवट व पारदर्शक प्लास्टिकच्या बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरांत पंचावन्न वर्षांचे अंतर पडले. शिवाय येथे एक चौथा प्रश्नही उभा राहतो. तो म्हणजे त्या पदार्थाचा अवगुण प्रथम कोणाच्या ध्यानी आला. या चौथ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तिहींहून अधिक चमत्कारिक आहे. ज्या संशोधनातून हा पदार्थ अमेरिकेत जन्मला, त्याचा हेतू पाण्याने सहजासहजी न तुटणारा रासायनिक बंध मिळविणे हा होता. आणि पुढे चार दशकांनी त्याच्याविषयी जो वाद माजला, तो त्याच बंधावर गरम पाण्याचा व अल्काचा काय परिणाम होतो याविषयीचाच होता. या पदार्थाचा इतिहास सुसंगतपणे मांडावयाचा तर हे सूत्र हाती धरल्यावाचून गत्यंतर नाही.

नाव अपरिचित असले तरी पदार्थ अपरिचित नाही. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची पुढची झापड, मोटारीच्या दिव्यावरील आच्छादन, विजेच्या मीटरचे स्वच्छ झाकण, कचेरीच्या कोपऱ्यात उलटा बसविलेला वीस लिटरांचा निळसर जार, वाहनतळावरचे अर्धपारदर्शक छप्पर, दंगलीच्या वेळी पोलिसांच्या हाती दिसणारी ढाल, या वस्तू पुष्कळदा पॉलिकार्बोनेटच्याच असतात. बोलीने मात्र त्याला स्वतंत्र नाव दिलेले नाही. हेल्मेटची ‘काच’, चष्म्याची ‘काच’ असेच सर्व जण म्हणतात, आणि छपराच्या पत्र्याला ‘फायबर’ म्हणतात. वास्तविक त्यात तंतू असा काहीच नसतो. लोकांनी पदार्थाचे नाव न घेता ज्याची जागा त्याने घेतली त्याचे नाव चालू ठेवले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाइतकीच उद्योगधंद्यांच्या इतिहासकारालाही उपयोगी आहे. जो पदार्थ दुसऱ्याच्या जागी येऊन बसतो त्याच्याकडे निराळा पदार्थ म्हणून कोणी पाहत नाही. आणि काच निरुपद्रवी असते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वासही नावाबरोबर त्याच्याकडे आपोआप चालत जातो.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पॉलिकार्बोनेट म्हणजे कार्बॉनिक अम्लाचे बहुवारिक एस्टर. लहान रेणूंची एकमेकांशी साखळी जोडून जो प्रचंड रेणू होतो त्याला बहुवारिक म्हणतात. येथे साखळीचे दुवे दोन प्रकारचे असतात : एक, दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या एखाद्या संयुगाचा, दुसरा, त्या दोन संयुगांच्या मध्ये येणारा कार्बोनेट गट. हा कार्बोनेट गट एस्टर असल्यामुळे, कोणत्याही एस्टरप्रमाणे, पाण्याच्या योगाने त्याचे विच्छेदन होऊ शकते. ते किती सहज होईल हे शेजारी कोणता दुवा आहे यावर अवलंबून असते. पुढचा सर्व इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे असे म्हटले तरी चालेल.

हा प्रकार प्रथम केला तो म्यूनिक येथील आल्फ्रेड आइनहॉर्न याने. दंतवैद्याकडे ज्यांनी दात काढून घेतला आहे अशा असंख्य लोकांवर या रसायनज्ञाचे ऋण आहे, कारण पुढे १९०४–०५ च्या सुमारास नोव्होकेन हे बधिरता आणणारे औषध त्यानेच शोधून काढले. १८९८ मध्ये त्याने हायड्रोक्विनोन व रेसॉर्सिनॉल यांवर पिरिडिनात फॉस्जीन वायूची क्रिया केली आणि कार्बोनेटे मिळविली. हायड्रोक्विनोनापासून मिळालेली भुकटी कशातही विरघळेना व वितळेना. १९०२ मध्ये बिशोफ व फॉन हेडेनस्ट्रोम यांनी डायफेनिल कार्बोनेट वापरून निराळ्या मार्गाने हेच पदार्थ मिळविले. या दोन्ही कामांची नोंद शास्त्रीय वाङ्मयात राहिली. पण पदार्थ मात्र तेथेच पडून राहिला. त्याबद्दल आइनहॉर्नला दोष देणे अन्यायाचे होईल. न विरघळणाऱ्या व न वितळणाऱ्या वस्तूला त्या काळचा रसायनज्ञ रेणुभार मोजू शकत नसे, स्फटिकरूपात शुद्ध करू शकत नसे. त्याच्या दृष्टीने ती प्रयोग फसल्याची खूण होती. प्रचंड रेणूंची कल्पनाच तेव्हा मान्य नव्हती. ती मान्य करून घेण्यासाठी हेर्मान श्टाउडिंगर याला १९२० पासून पुढे दीर्घकाळ झगडावे लागले.

श्टाउडिंगरच्या कल्पनेला प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला तो अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याच्या कामामुळे. कॅरदर्स व त्याचा सहकारी व्हॅन नॅटा यांनी १९३० मध्ये ग्लायकॉलांपासून पॉलिकार्बोनेटे तयार केली. म्हणजे बहुवारिकाची संकल्पना आता स्पष्ट होती, पण दुवे सरळ साखळीच्या कार्बन अणूंचे असल्यामुळे हे पदार्थ अल्प उष्णतेने मऊ पडत व त्यांना कोणताच उपयोग सापडेना. कॅरदर्सचा ओढा पुढे नायलॉनकडे गेला. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरच्या साखळीत बेंझीनचे वलय घालताच टेरिलीनसारखा उत्तम धागा तयार झाला. यावरून एक धडा मिळत होता : साखळीत ताठ वलये असली तर बहुवारिकाचा उष्णतारोध वाढतो आणि त्याचे एस्टर-बंधही पाण्यापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. पॉलिएस्टरांच्या बाबतीत उपयोगी पडलेला हा धडा पॉलिकार्बोनेटांना लावून पाहण्यास आणखी बारा वर्षे लागली.

तो लावून पाहिला जर्मनीत बायर कंपनीच्या उर्डिंगेन येथील प्रयोगशाळेत हेर्मान श्नेल याने. श्नेल हा श्टाउडिंगरचाच फ्रायबुर्ग येथील विद्यार्थी. वलयी कार्बोनेटांचा विचार करताना आइनहॉर्नच्या पदार्थात काय कमी पडले याचा त्याने शोध घेतला. हायड्रोक्विनोनाचे रेणू सरळ व सुबक असल्यामुळे त्यांच्या साखळ्या एकमेकींशी घट्ट रचल्या जातात व वितळत नाहीत. तेव्हा वलये तर हवीत, पण साखळीला रचना करू न देणारा एखादा अडसरही हवा. असा अडसर बिस्फिनॉल-ए या संयुगात होता. त्यात दोन फिनॉल वलये एका कार्बन अणूने जोडलेली असतात व त्या अणूवर दोन मेथिल गट बाहेर आलेले असतात. २८ मे १९५३ रोजी या संयुगापासून श्नेलला जे बहुवारिक मिळाले ते पारदर्शक होते, विरघळत होते, वितळत होते आणि हातोडीने फुटत नव्हते. १६ ऑक्टोबर १९५३ रोजी बायरने जर्मनीत पेटंटासाठी अर्ज केला. श्टाउडिंगरला नोबेल पारितोषिक मिळाले तेही याच वर्षी.

जवळजवळ त्याच दिवसांत अमेरिकेतील पिट्‌सफील्ड येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकताच दाखल झालेला डॅनियल फॉक्स निराळ्याच कामात गुंतला होता. विजेच्या तारांवर जो निरोधक थर देतात तो पॉलिएस्टरचा असे. दमट हवेत व उष्णतेत त्याचे जलविच्छेदन होऊन तो खराब होई. पाण्याला अधिक दाद न देणारा एखादा एस्टर-बंध असेल काय, असा प्रश्न होता. फॉक्सला विद्यार्थिदशेतील एक त्रासदायक अनुभव आठवला. ओक्लाहोमा विद्यापीठात त्याला ग्वायकॉल हवे होते, आणि हाताशी होते ते ग्वायकॉलाचे कार्बोनेट. ते काही केल्या पाण्याने विघटित होईना. जो हट्टीपणा त्या वेळी अडचण होता तोच आता उपयोगी पडेल असे त्याने ताडले. ग्वायकॉलाचे दुहेरी संयुग मिळेना, म्हणून इपॉक्सी रेझिनांसाठी बनणारे व सहज उपलब्ध असलेले बिस्फिनॉल-ए त्याने घेतले, डायफेनिल कार्बोनेटाबरोबर तापविले, आणि मिश्रण घट्ट होत होत ढवळणारी दांडीच थांबली. गार झाल्यावर चंबू फोडावा लागला. दांडीच्या टोकाला जो गोळा चिकटून राहिला होता तो कशानेही तुटेना. फॉक्सने पुढे सांगितल्याप्रमाणे त्या गोळ्याचा हातोडा करून प्रयोगशाळेत खिळे ठोकण्यात आले.

या दोन कथांतील भेद महत्त्वाचा आहे. श्नेलने रेणूच्या रचनेचा हिशेब करून पदार्थ मिळविला. फॉक्स एका आठवणीच्या बळावर त्याच पदार्थापर्यंत पोहोचला, आणि तोही तारेचा लेप शोधताना. लोकप्रिय वृत्तांतांत फॉक्सच्या शोधाला ‘अपघात’ म्हणण्याची रीत पडली आहे. ती बरोबर नाही. चिवटपणा त्याला अनपेक्षितपणे मिळाला हे खरे, पण पाण्यापुढे टिकणारा कार्बोनेट-बंध त्याने जाणूनबुजून निवडला होता. खरा योगायोग काही असेल तर तो एवढाच की, दोघांनाही एकाच वेळी बिस्फिनॉल-ए स्वस्त व विपुल मिळत होते. हे संयुग रशियन रसायनज्ञ दियानिन याने १८९१ मध्येच फिनॉल व ॲसिटोन यांपासून तयार केले होते. नावातील ‘ए’ हे अक्षर ॲसिटोनाचेच होय. परंतु आइनहॉर्नच्या काळी ते एक प्रयोगशालेय कुतूहल होते. १९४० नंतर इपॉक्सी रेझिनांनी त्याला मागणी दिली, आणि क्युमीन पद्धतीने बेंझीन व प्रोपिलीन या दोहोंपासून फिनॉल व ॲसिटोन एकाच कारखान्यात एकदम मिळू लागल्यावर त्याचा कच्चा माल मुबलक झाला. एकाच शोधाचे दोन धनी का निघतात, या प्रश्नाचे उत्तर बुद्धिमत्तेत शोधण्यापूर्वी कच्च्या मालाच्या उपलब्धतेत शोधावे हे बरे.

१९५५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी अमेरिकेत पेटंट मागितले तेव्हा त्यांना एकमेकींचा पत्ता लागला. दीर्घ न्यायालयीन झगड्याऐवजी त्यांनी व्यवहारी मार्ग पत्करला : पेटंट ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याला स्वामित्वशुल्क घेऊन उत्पादनाची मुभा द्यावयाची. अग्रक्रम बायरला मिळाला. १९५८ मध्ये बायरने ‘माक्रोलोन’ या नावाने, आणि १९६० मध्ये जनरल इलेक्ट्रिकने इंडियाना राज्यातील माउंट व्हर्नन येथे ‘लेक्सान’ या नावाने औद्योगिक उत्पादन सुरू केले. श्नेलने १९५६ मध्ये ‘आंगेवांटे केमी’ या नियतकालिकात या वर्गातील बहुवारिकांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला व १९६४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे जनरल इलेक्ट्रिकचा प्लास्टिक-विभाग २००७ मध्ये साबिक या सौदी कंपनीकडे गेला आणि बायरचा विभाग २०१५ मध्ये कोव्हेस्ट्रो या नावाने स्वतंत्र झाला. तथापि ती दोन व्यापारी नावे अद्याप टिकून आहेत.

पारदर्शकपणा व चिवटपणा हे दोन गुण एकत्र सहसा का आढळत नाहीत, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्लास्टिकात स्फटिकमय भाग असले की त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो व पदार्थ दुधी दिसतो. पॉलिथिनाचे हेच होते. स्फटिक मुळीच नसले की पदार्थ पारदर्शक होतो, पण असे पदार्थ नेहमीच्या तापमानाला बहुधा ठिसूळ असतात. पॉलिस्टायरीनची पेटी टिचकीसरशी तडकते ती यामुळे. बिस्फिनॉल-ए-च्या दोन मेथिल गटांनी पॉलिकार्बोनेटाला स्फटिक होऊ दिले नाही, म्हणून ते पारदर्शक. आणि सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत एकंदर साखळी ताठ राहत असली तरी तिच्यातील लहान लहान भाग शून्याखाली शंभर अंशांच्या आसपासही हालचाल करू शकतात. आघात बसताच तडा जाण्याऐवजी पदार्थ त्या जागी किंचित खेचला जातो व आघाताची ऊर्जा जिरते, म्हणून तो चिवट. हे गुण निरपवाद नाहीत. पृष्ठभागावर चटकन ओरखडे उठतात, उन्हात तो पिवळा पडतो, काही द्रावकांनी त्याला बारीक भेगा जातात, आणि धारदार खाच पडली तर त्याचा चिवटपणा बराच कमी होतो. चष्म्याच्या भिंगावर व मोटारीच्या दिव्यावर कठीण लेप चढवावा लागतो तो यासाठी.

उत्पादनाच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. रूढ पद्धतीत बिस्फिनॉल-ए-चे सोडियम लवण पाण्यात व फॉस्जीन एका सेंद्रिय द्रावकात घेऊन दोन द्रवांच्या सीमेवर क्रिया घडवितात. फॉस्जीन हा जॉन डेव्ही याने १८१२ मध्ये सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेला वायू. नावाचा अर्थच ‘प्रकाशातून जन्मलेला’. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून त्याचा शस्त्र म्हणून उपयोग झाला व विषारी वायूंनी झालेल्या मृत्यूंपैकी बहुसंख्य त्याच्यामुळे झाले. भोपाळ येथील कारखान्यातही मेथिल आयसोसायनेट बनविण्यासाठी फॉस्जीन लागत असे, हे १९८४ च्या दुर्घटनेनंतर सर्वांस ठाऊक झाले. स्फटिकस्वच्छ दिसणाऱ्या वस्तूच्या मागे असा वायू उभा आहे, ही जाणीव उद्योगाला होतीच. फॉक्सच्या मूळ मार्गाला अनुसरून, म्हणजे डायफेनिल कार्बोनेटाच्या साहाय्याने, फॉस्जीनवाचून उत्पादन करण्याचे प्रयत्न त्यामुळे पुनःपुन्हा झाले. जपानच्या आसाही कासेई कंपनीच्या पद्धतीत कार्बन डाय-ऑक्साइड हाच कच्चा माल आहे. तीनुसार २००२ मध्ये तैवानात कारखाना सुरू झाला.

याच शाखेत महाराष्ट्राचा एक अनपेक्षित संबंध येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वामिनाथन शिवराम यांच्या बहुवारिक विभागाने घन अवस्थेतच साखळी वाढवून पॉलिकार्बोनेट बनविण्याच्या पद्धतीवर काम केले व त्यासाठी अमेरिकन पेटंट घेतले. ज्या क्षेत्रात जनरल इलेक्ट्रिकचे वर्चस्व होते त्याच क्षेत्रातील हे पेटंट असल्यामुळे त्या कंपनीचे लक्ष वेधले गेले आणि १९९० नंतरच्या दशकात दोन्ही संस्थांत संशोधनाचे करार झाले. त्या वेळचे संचालक रघुनाथ माशेलकर यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, या संबंधाचा परिणाम कंपनीच्या वरिष्ठांच्या भारताविषयीच्या मतावर झाला. बंगलोर येथील तिचे मोठे संशोधनकेंद्र २००० मध्ये उघडले. वसाहतकाळापासून भारतीय प्रयोगशाळा परदेशी तंत्रज्ञान विकत घेत आल्या होत्या. येथे एका शासकीय प्रयोगशाळेचे ज्ञान मूळ संशोधक कंपनीनेच विकत घेतले. एका प्लास्टिकच्या इतिहासात ही गोष्ट तळटीपेएवढी दिसेल, पण भारतीय विज्ञानाच्या इतिहासात तिची किंमत तळटीपेहून अधिक आहे.

वापराच्या इतिहासाकडे वळल्यास असे दिसते की, पहिल्या दशकात पॉलिकार्बोनेट काचेची जागा घेण्यासाठी नव्हे, तर विद्युत् उपकरणांची आवरणे, फ्यूजपेट्या व जोडण्या यांसाठीच मुख्यतः खपले. पारदर्शकपणाला मागणी आली ती चिवटपणाच्या पाठोपाठ. सिग्नलांच्या रंगीत काचा, कारखान्यातील संरक्षक चष्मे, वारंवार फुटणाऱ्या खिडक्यांची तावदाने, ही पुढची पायरी. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा गोलाकार घुमट याच प्लास्टिकचा होता. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेल्या दोघांनीही चंद्राचा पृष्ठभाग त्यातूनच पाहिला. मोटारीचे दिवे अमेरिकेत दीर्घकाळ ठरावीक आकाराच्या बंद काचेच्या पेट्या असत. १९८३ मध्ये नियम बदलताच प्लास्टिकच्या दिव्यांना वाट मिळाली आणि मोटारीच्या पुढच्या भागाची घडणच बदलून गेली. रुग्णालयांत रक्तशुद्धीकरणाच्या यंत्रातील नलिकांचे पारदर्शक आवरण, आत रक्त कसे वाहते आहे हे परिचारिकेला दिसावे म्हणून, याच पदार्थाचे करण्यात येऊ लागले.

या सर्वांत ध्वनिमुद्रणाच्या तबकडीची गोष्ट विशेष बोलकी आहे. १७ ऑगस्ट १९८२ रोजी हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथे काँपॅक्ट डिस्कचे उत्पादन सुरू झाले. १२ सेंटिमीटर व्यासाच्या व १·२ मिलिमीटर जाडीच्या या तबकडीतून लेसरचा किरण आरपार जाऊन खालच्या सूक्ष्म खाचा वाचतो. तबकडी किंचित जरी वाकली तरी किरण चुकतो. त्याआधीच्या चित्रतबकड्या ॲक्रिलिकच्या असत. ॲक्रिलिक हवेतील ओलावा बराच शोषून घेते व त्यामुळे वाकते. पॉलिकार्बोनेट पाणी फार थोडे शोषते, म्हणून त्याची निवड झाली. फॉक्सने पाण्याच्या भीतीने जो पदार्थ शोधला, त्याला सर्वांत मोठी बाजारपेठांपैकी एक पाण्याच्याच कारणाने मिळाली. पुढे संगीत तारांतून व आकाशमार्गे येऊ लागले आणि तबकडीचे दिवस मावळले, हा भाग वेगळा.

पाण्यावरचा हा विश्वास एका मर्यादेपर्यंतच खरा होता. पाणी आत शिरणे निराळे आणि पाण्याने बंध तुटणे निराळे. कार्बोनेट-बंध थंड पाण्यात व सौम्य अम्लात चांगला टिकतो; पण उष्णता व अल्क एकत्र आले की तो हळूहळू तुटतो, आणि तुटल्यावर जे सुटते ते बिस्फिनॉल-ए. हे सुटणे प्रमाणाने अत्यल्प असते. त्याची दखल घेण्याचे कारण असे की, हे संयुग शरीराच्या दृष्टीने तटस्थ नाही, आणि ही गोष्ट प्लास्टिकच्या आधीपासून ठाऊक होती. लंडन येथे चार्ल्स डॉड्‌स याने १९३६ मध्ये, कृत्रिम स्त्री-हॉर्मोनाच्या शोधात, बिस्फिनॉल-ए-ची उंदरांवर परीक्षा घेतली होती व ते ईस्ट्रोजेनासारखे, पण फार दुबळे काम करते असे त्याला आढळले होते. १९३८ मध्ये त्याला स्टिल्बेस्ट्रॉल हे कितीतरी जोरकस संयुग मिळाले, आणि बिस्फिनॉल-ए औषधशास्त्राच्या बाजूने विस्मरणात गेले. रेझिनांच्या रसायनज्ञांनी ते उचलले तेव्हा औषधशास्त्राची ती नोंद त्यांच्या वाचनात येण्याचे काही कारण नव्हते. दोन शास्त्रशाखांची नियतकालिके एकाच ग्रंथालयात शेजारी असतात, पण वाचक एक नसतो. या प्रकरणाचे मर्म बहुधा येथेच आहे.

ती नोंद पुन्हा वर आली ती प्रयोगशाळेतील भांड्यांमुळे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन, अरुणा कृष्णन व त्यांचे सहकारी, यीस्ट ईस्ट्रोजेन तयार करते काय, याचा तपास करीत होते. ईस्ट्रोजेनासारखा पदार्थ सापडला. पण यीस्ट मुळीच नसलेल्या पाण्यातही तो सापडू लागला. शोध घेता तो पॉलिकार्बोनेटच्या चंबूतून, दाबाखालील वाफेने निर्जंतुक करताना, पाण्यात उतरत असल्याचे निष्पन्न झाले. हा वृत्तांत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा प्रसंग क्लीव्हलंड येथील. १९९८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगातील, ज्यांच्यावर कोणताच प्रयोग चालू नव्हता अशा तुलनेच्या उंदरांच्या बीजांडांत गुणसूत्रांचे दोष एकाएकी कित्येक पटींनी वाढले. महिनोन्‌महिने कारण सापडेना. अखेर असे आढळले की, पॉलिकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या द्रवाऐवजी फरशी धुण्याच्या तीव्र अल्कधर्मी द्रवाने धुतल्या गेल्या होत्या. अल्काने बंध तोडला होता. २००३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर वाद सार्वजनिक झाला. फॉक्सला विद्यार्थिदशेत जी क्रिया जमली नव्हती ती एका धुलाईत झाली, असे म्हणता येईल. फरक एवढाच की, त्याला एका शुद्ध संयुगाचे पूर्ण विघटन हवे होते, आणि येथे सहस्रांशही पुरेसे ठरले.

दूध पाजण्याच्या बाटलीवर वाद केंद्रित होणे स्वाभाविक होते. काचेची बाटली फुटते, साधे प्लास्टिक उकळत्या पाण्यात टिकत नाही. पॉलिकार्बोनेटची बाटली न फुटता उकळता येत असे, म्हणून तर ती घरोघरी पोहोचली. तिचा जो गुण तोच आता संशयाचे कारण झाला, कारण उकळणे म्हणजे उष्ण पाण्याशी रोजचा संबंध. कॅनडाने २००८ मध्ये बंदीचा मनोदय जाहीर केला व २०१० मध्ये ती अमलात आणली. युरोपीय संघाने २०११ मध्ये बंदी घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये आपली अनुमती मागे घेतली; पण तिचे कारण धोका हे नव्हते. उत्पादकांच्या संघटनेनेच, अशा बाटल्या आता कोणी बनवीत नाही, सबब परवानगी अनावश्यक आहे, असा अर्ज केला होता. शासनाने निर्णय घेण्यापूर्वी बाजाराने तो घेऊन टाकला होता. भारतीय मानक संस्थेने २०१५ च्या आपल्या १४६२५ क्रमांकाच्या मानकान्वये दूध पाजण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत बिस्फिनॉल-ए-ला मनाई केली.

प्रौढांच्या बाबतीत किती प्रमाण सुरक्षित मानावे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसास ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा ठरविली होती. एप्रिल २०२३ मध्ये तिने ती ०·२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पट खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने व युरोपीय औषध संस्थेने त्याच वर्षी या निष्कर्षाशी मतभेद नोंदविला; जर्मन संस्थेने स्वतः सुचविलेली मर्यादा २०० नॅनोग्रॅम होती. एकाच पुराव्यावरून सहस्रपट अंतराचे निष्कर्ष निघतात तेव्हा वाद आकड्यांचा नसून कोणत्या परिणामाला अपाय म्हणावयाचे याचा असतो, हे दोन्ही बाजूंच्या अहवालांवरून स्पष्ट दिसते. १९ डिसेंबर २०२४ रोजी युरोपीय आयोगाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत बिस्फिनॉल-ए-च्या वापरावर सर्वसाधारण बंदी घालणारा नियम केला. वारंवार वापरल्या जाणाऱ्या काही व्यावसायिक उपकरणांना छत्तीस महिन्यांपर्यंतची मुदत आहे. भारतीय मानकाची व्याप्ती मात्र त्याच्या शीर्षकाप्रमाणे दूध पाजण्याच्या बाटल्यांपुरतीच असून, वीस लिटरांचे जार त्याच्या कक्षेत येत नाहीत.